गॅट्सबीवर गोळी कोणी झाडली?

२०२५ सालच्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील मार-ए-लागो या प्रासादात एक मेजवानी झाली. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतील मेजवान्यांचा थाट तिच्यात उतरवण्यात आला होता. त्या वेळी खर्चाच्या मंजुरीअभावी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज महिनाभर ठप्प झाले होते आणि सुमारे ४ कोटी २० लाख गरजू लोकांना मिळणारे अन्नसाहाय्य दुसऱ्याच दिवसापासून तुटण्याच्या बेतात होते. यजमानांवर टीका झाली, आणि ती रास्तच होती. मला मात्र दुसराच विचार सुचला. या कादंबरीत नऊ प्रकरणे आहेत. जिचा एवढा बोलबाला होतो ती मेजवानी तिसऱ्या प्रकरणात आहे. यजमानांनी पुस्तक तेथेच मिटून ठेवले असावे.

अर्थात हा दोष त्यांचा एकट्यांचा नाही. १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची शताब्दी साजरी करताना बहुतेकांनी तिचा झगमगाटच डोक्यावर घेतला. १९७४ सालच्या चित्रपटात रॉबर्ट रेडफर्ड गॅट्सबी झाला, २०१३ सालच्या चित्रपटात लिओनार्डो डिकाप्रिओ. या दुसऱ्या चित्रपटात आपले अमिताभ बच्चन वुल्फशीम या जुगारसम्राटाच्या छोट्या भूमिकेत दिसले, त्यामुळे आपल्याकडेही त्याची थोडीफार चर्चा झाली. इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गांतून ही कादंबरी शिकवली जाते तीही एका भग्न प्रेमाची, किंवा फार तर ‘अमेरिकन स्वप्ना’च्या भंगाची कथा म्हणून. हे वाचन खोटे आहे असे नव्हे. पण ते अपुरे आहे. वस्तुतः ही एका खुनाची कथा आहे. खून कोणी केला हे शेवटी सर्वांना कळते, पण तो कोणी घडवून आणला हा प्रश्न न्यायासनापुढे येतच नाही. त्या प्रश्नाचे उत्तर वर्गव्यवस्थेत दडलेले आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा थोडक्यात द्यायला हवा. नॉर्थ डाकोटातील एका दैन्यग्रस्त शेतकरी जोडप्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी आपले नाव टाकून जे गॅट्सबी होतो. खाणींच्या व्यवहारांत गबर झालेल्या डॅन कोडी नावाच्या म्हाताऱ्या लक्षाधीशाच्या नौकेवर तो पाच वर्षे चाकरी करतो. कोडी मृत्युपत्रात त्याच्यासाठी पंचवीस हजार डॉलर ठेवतो. कायद्याच्या डावपेचांत त्यातला एक डॉलरही त्याच्या हाती लागत नाही. १९१७ साली सैन्यात असताना लुईव्हिल येथे डेझी फे या श्रीमंत मुलीशी त्याचे प्रेम जमते. गणवेश सर्वांचा सारखा असतो आणि त्याखाली खिसा रिकामा आहे हे दिसत नाही, म्हणून हे प्रेम जमू शकते. तो युद्धावर जातो. १९१९च्या जूनमध्ये डेझी शिकागोच्या टॉम ब्यूकॅननशी लग्न करते. गॅट्सबी चोरट्या दारूच्या धंद्यात अमाप पैसा करतो आणि १९२२च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवर, डेझीच्या घरासमोर, खाडीच्या पलीकडे, एक प्रचंड वाडा घेऊन बसतो. ती यावी म्हणून तो मेजवान्या देतो. ती येते, आणि पुन्हा नवऱ्याकडे जाते. डेझी चालवत असलेल्या गॅट्सबीच्या मोटारीखाली मर्टल विल्सन ही गॅरेजवाल्याची बायको, जी टॉमची रखेली आहे, चिरडून मरते. तिचा नवरा जॉर्ज गॅट्सबीला गोळी घालतो आणि मग स्वतःला.

तीन मृत्यू. तिघेही खालून वर चढू पाहणारे. वर जे होते ते टॉम आणि डेझी, आणि त्यांना ओरखडाही उमटत नाही.

प्रथम या वरच्यांकडे पाहू. लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमने डेझीला जो मोत्यांचा सर दिला त्याची किंमत फिट्झजेराल्ड यांनी साडेतीन लाख डॉलर सांगितली आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतील पोलाद कारखान्यांत प्रचंड संप झाला. दिवसाचे बारा बारा तास भट्टीसमोर राबणारे सुमारे साडेतीन लाख कामगार आठ तासांच्या दिवसासाठी आणि संघटनेच्या मान्यतेसाठी बाहेर पडले, आणि १९२०च्या जानेवारीत हार मानून परत गेले. मोत्यांचा तो सर विकला असता तर संपातील प्रत्येक कामगाराच्या वाट्याला एक डॉलर आला असता! आकड्यांचा हा योगायोग कादंबरीकाराने साधलेला नाही, पण त्या काळाचे मोजमाप करायला तो उपयोगी पडतो. पुढे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या धोरणामुळे उत्पन्नावरील सर्वांत वरच्या पायरीचा कर १९२१च्या ७३ टक्क्यांवरून १९२५च्या उत्पन्नासाठी २५ टक्क्यांवर आला. टॉमला काम करावे लागत नाही. त्याचा पैसा बापजाद्यांचा आहे. तो पोलो खेळतो आणि गोऱ्या वंशावरील संकटाविषयीची पुस्तके वाचतो. कादंबरीतील ते पुस्तक काल्पनिक असले तरी लॉथ्रॉप स्टॉडर्ड यांचा १९२०मध्ये निघालेला वंशवादी ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवून ते रचले आहे, हे तत्कालीन वाचकांना सांगावे लागत नव्हते. वर्गाची भिंत ढासळेल अशी शंका आली की टॉम लगेच वंशाची भिंत उभारू लागतो. प्लाझा हॉटेलातील भांडणात गॅट्सबीसारखा कोण कुठला माणूस आपल्या बायकोवर हक्क सांगतो हे पाहून त्याला एकदम गोऱ्याकाळ्यांच्या विवाहांची धास्ती वाटू लागते. वास्तविक गॅट्सबी गोराच आहे. परंतु टॉमच्या मनात दोन्ही उंबरठे एकच आहेत, आणि या बाबतीत टॉम अनेक विद्वानांपेक्षा अधिक सुसंगत म्हणावा लागेल.

आता गॅट्सबीकडे येऊ. समाजवाद्यांना महत्त्वाकांक्षेचे वावडे आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तेव्हा त्याची महत्त्वाकांक्षा कशी होती हे नीट पाहिले पाहिजे. मुलाच्या मृत्यूनंतर म्हातारा बाप हेन्री गॅट्झ मिनेसोटातून येतो आणि एक फाटके पुस्तक दाखवतो. त्याच्या शेवटच्या पानावर मुलाने १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून स्वतःसाठी दिनक्रम लिहिलेला आहे. पहाटे सहाला उठायचे, व्यायाम करायचा, विजेच्या शास्त्राचा अभ्यास करायचा, मग काम, खेळ, संध्याकाळी वक्तृत्वाचा सराव, नंतर उपयुक्त शोधांचा अभ्यास. खाली संकल्प आहेत. आठवड्याला एक चांगले पुस्तक वाचीन, आईबापांशी नीट वागेन, आणि आठवड्याला अमुक इतके डॉलर शिलकीत टाकीन. तेथे आधी पाचाचा आकडा होता. तो खोडून तीन केला आहे. संकल्प करतानाच ज्याला हिशेब आखडता घ्यावा लागतो त्या घराची सारी कळा या एका खोडाखोडीत आली आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रावर पोसलेल्या देशातील हा एक सद्गुणी मुलगा होता.

या दिनक्रमाशी आमचे काय भांडण असणार? तो दिनक्रम कोणत्याही कामगाराच्या मुलाने भिंतीवर लावावा इतका चांगला आहे. प्रश्न असा की, त्या समाजात या दिनक्रमाला फळ कोणते आले? विजेचा अभ्यास करून गॅट्सबी श्रीमंत झाला नाही. शिकण्यासाठी तो सेंट ओलाफ या महाविद्यालयात गेला तेव्हा त्याला झाडलोटीच्या कामावर शिक्षण करावे लागले आणि दोन आठवड्यांत तो ते सोडून गेला. वाडा आला तो औषधांच्या दुकानांतून विकलेल्या चोरट्या दारूमुळे. सबंध कादंबरीत प्रामाणिक श्रमांनी कोणीही श्रीमंत होत नाही. कोडीने खाणींच्या व्यवहारांत मिळवले, टॉमने वारशात. निवेदक निक कॅरवे रोख्यांच्या बाजारात नशीब काढायला आला आहे, आणि त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष यादवी युद्धात आपल्या जागी दुसऱ्याला लढायला पाठवून स्वतः लोखंडी सामानाचा घाऊक व्यापार थाटणारा! हे वाक्य निक पहिल्याच प्रकरणात इतक्या सहजपणे सांगून जातो की, वाचक त्यावर थांबत नाही. थांबायला हवे. नियमाने काम करणारा माणूस या पुस्तकात एकच आहे, जॉर्ज विल्सन. त्याला शेवटपर्यंत गावाबाहेर जाण्यापुरते पैसे जमत नाहीत.

शिवाय पैसा झाला तरी दार उघडत नाही. सहाव्या प्रकरणात एक साधा प्रसंग आहे. टॉम, स्लोन नावाचा गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून गॅट्सबीच्या वाड्यावर येतात. ती बाई सौजन्य म्हणून गॅट्सबीला जेवायला बोलावते. ते आमंत्रण खरे नाही, हे तिथे प्रत्येकाला कळते. फक्त गॅट्सबीला कळत नाही. तो मोटार आणायला आत जातो, आणि बाहेर येईपर्यंत ती मंडळी निघून गेलेली असतात. माझ्या मते कादंबरीतील सर्वांत क्रूर प्रसंग हाच. पैसा मिळवता येतो, पोशाख शिवून घेता येतो, बोलण्याची ढब उचलता येते. पण ‘या हं जेवायला’ याचा अर्थ ‘येऊ नका’ असा कधी होतो, हे जन्मानेच कळावे लागते. गॅट्सबीला हे ज्ञान नाही, आणि त्याची शोकांतिका अशी की, ज्या वर्गाला तो नको आहे त्याच वर्गाची मोहर त्याला स्वतःवर उमटवून हवी आहे. त्याने कोणतीही भिंत पाडायचे मनात आणले नाही. भिंतीला एक दार असावे आणि ते आपल्यापुरते उघडावे, एवढीच त्याची मागणी होती. त्याच्या मुदपाकखान्यात संत्र्यांचा रस काढण्याचे एक यंत्र आहे. अर्ध्या तासात ते दोनशे संत्र्यांचा रस काढते, मात्र त्यासाठी नोकराला अंगठ्याने दोनशे वेळा कळ दाबावी लागते. त्या अंगठ्याचा विचार नॉर्थ डाकोटाच्या शेतकऱ्याच्या मुलालाही सुचत नाही.

मर्टलची गोष्टही हीच आहे, पण तिच्याकडे समीक्षक फारसे वळत नाहीत. ती राखेच्या ढिगांच्या मधोमध, गॅरेजच्या वर राहते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना येथे राखेचा आणि कचऱ्याचा डोंगर खरोखरच होता. १९३९चे जागतिक प्रदर्शन पुढे त्याच परिसरात भरले. शहरातील श्रीमंतांच्या शेगड्या आणि भट्ट्या जे जाळत, त्याची राख येथे येत असे. टॉमने १५८व्या रस्त्यावर घेतलेल्या बिऱ्हाडात पाऊल टाकताच मर्टल बदलते. बर्फ आणायला सांगितलेला पोरगा अजून आला नाही म्हणून ती कपाळाला आठ्या घालते आणि या खालच्या लोकांच्या सारखे मागे लागावे लागते, अशी कुरकुर करते! नवऱ्याचा तिला राग कशासाठी, तर त्याने लग्नात घातलेला सूट उसना आणलेला होता. तिची आकांक्षा हास्यास्पद करून दाखवणे फिट्झजेराल्ड यांना सोपे जाते. तिची भाषा, तिचे फर्निचर, तिचा कुत्रा, सगळ्यांची ते थट्टा करतात. परंतु गॅट्सबीने डेझीसाठी जे केले त्याहून मर्टलने वेगळे काय केले? फरक एवढाच की, ती स्त्री होती आणि तिच्यापाशी विकायला दारू नव्हती. डेझीचे नाव घेतले म्हणून टॉम तिचे नाक फोडतो. ही तिची पायरी होती, आणि टॉमने एका तडाख्यात ती तिला दाखवली.

आणि जॉर्ज विल्सन. टॉम त्याला आपली जुनी मोटार विकण्याचे गाजर दाखवत राहतो. ती मोटार मिळाली तर दुरुस्त करून विकता येईल, चार पैसे सुटतील, बायकोला घेऊन पश्चिमेकडे जाता येईल, असा त्याचा बेत. टॉम आज देतो, उद्या देतो म्हणतो. विल्सनने थोडा धीर सोडला की दुसऱ्याला विकीन अशी धमकी देतो. एकाच माणसाने त्याची बायको घेतली आहे, त्याचा धंदाही त्याच माणसाच्या मर्जीवर लटकला आहे, आणि विल्सनला यातले काही ठाऊक नाही. मालक आणि मिंधा यांचे नाते इतक्या थोड्या ओळींत क्वचितच मांडले गेले असेल.

म्हणूनच बायको मेल्यावर पिस्तूल घेऊन विल्सन जेव्हा टॉमच्या घरी पोचतो, तेव्हा कादंबरी एका वेगळ्याच शेवटाच्या उंबरठ्यावर उभी असते. ज्याने त्याचे सर्वस्व नेले तो समोर आहे. टॉम काय करतो? ती पिवळी मोटार कोणाची ते तो सांगतो. मोटार डेझी चालवत होती हे टॉमला ठाऊक नसावेही. तो खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. पण त्याने बोट दाखवले ते आपल्यापासून दूर आणि खालच्या दिशेला. विल्सनच्या पिस्तुलाची नळी कोणी शिकवल्याशिवाय वळते, आणि गरिबाच्या संतापाने गरिबीतूनच वर चढलेला एक माणूस मरतो. त्याच दिवशी ब्यूकॅनन पतिपत्नी सामान बांधून बाहेरगावी निघून गेलेली असतात.

त्यानंतर चौकशी होते. मर्टलची बहीण सर्व काही ठाऊक असून आपल्या बहिणीचा गॅट्सबीशी काहीच संबंध नव्हता, ती नवऱ्याबरोबर सुखी होती, असे साफ सांगते. विल्सन हा दुःखाने माथे फिरलेला माणूस ठरतो आणि प्रकरण मिटते. डेझी मोटार चालवत होती हे निकला गॅट्सबीने स्वतः सांगितले होते. निक बोलत नाही. पुढे रस्त्यात टॉम भेटतो तेव्हाही त्याला खरी गोष्ट सांगत नाही. हस्तांदोलन करून निरोप घेतो. हाच निक पहिल्या प्रकरणांत आपल्या प्रामाणिकपणाची ग्वाही देतो आणि शेवटी ब्यूकॅनन मंडळींच्या बेफिकिरीवर जळजळीत शब्द लिहितो. ते शब्द जगभर उद्धृत होतात. चौकशीत त्याच्या तोंडून निघालेले एक वाक्य त्या सर्व शब्दांहून मोलाचे ठरले असते. पण निक त्यांच्याच आळीतला आहे. येल विद्यापीठात टॉमचा सोबती, डेझीचा नातलग. अपघाताच्या जागी मोटार पिवळी होती, मोठी होती, नवी होती, असे पोलिसाला स्वतःहून सांगणारा एकच माणूस भेटतो: चांगल्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय वाटसरू. त्याला नावही दिलेले नाही.

फिट्झजेराल्ड यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. वुल्फशीमचे ज्यू म्हणून केलेले चित्रण ओंगळ आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. विल्सनला त्यांनी इतका रक्तहीन केला आहे की, त्याला विचार करण्याची मुभाच राहत नाही. आणखी एक गोष्ट. निकने गॅट्सबीच्या पाहुण्यांची नावे एका जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या जागांत टिपून ठेवली होती, ते वेळापत्रक ५ जुलै १९२२पासून अमलात आलेले होते. ते आगगाड्यांचेच असावे. आता पाहा, बरोबर चार दिवस आधी, १ जुलै १९२२ रोजी, अमेरिकेतील रेल्वे कारखान्यांचे सुमारे चार लाख कामगार वेतनकपातीविरुद्ध संपावर गेले होते. सप्टेंबरच्या आरंभी सरकारने न्यायालयाचा मनाईहुकूम आणून तो संप मोडायला घेतला. गॅट्सबीचा सारा उन्हाळा या संपाच्या काळात घडतो; निक त्या गाड्यांनी रोज ये-जा करतो; आणि संपाचा एक शब्द पुस्तकात नाही. वेळापत्रकाच्या कोऱ्या जागांत पाहुणे मावले, कामगार मावले नाहीत.

याबद्दल लेखकाला मी आरोपी करणार नाही. ते स्वतः त्या दाराशी घुटमळलेले होते. वडिलांची नोकरी १९०८ साली गेली, पुढे घर आईच्या माहेरच्या पैशावर चालले, आणि झेल्डा सेयरने मोडलेले लग्न पहिली कादंबरी प्रकाशनासाठी स्वीकारली गेल्यावरच जमले. त्याच १९२५ साली थिओडोर ड्रायझर यांची ‘ॲन अमेरिकन ट्रॅजेडी’ निघाली. तिच्यातला क्लाइड ग्रिफिथ्स काकाच्या कॉलरच्या कारखान्यात मुकादम होतो, तेथल्याच कामगार मुलीला फसवतो आणि श्रीमंत मुलीच्या ओढीने तिच्या मृत्यूपर्यंत जातो. ड्रायझर कारखान्याच्या आत शिरतात, फिट्झजेराल्ड शिरत नाहीत. भाषेचे सौंदर्य मात्र फिट्झजेराल्ड यांच्यापाशी आहे, आणि त्या सौंदर्यामुळेच त्यांचे सत्य मेजवान्या देणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

२०१२ सालच्या जानेवारीत ओबामा यांचे आर्थिक सल्लागार ॲलन क्रूगर यांनी एका आलेखाला ‘ग्रेट गॅट्सबी वक्र’ असे नाव दिले. माइल्स कोरॅक यांच्या संशोधनावर आधारलेला हा आलेख सांगतो की, ज्या देशात विषमता अधिक, तेथे बापाची पायरी मुलाला चिकटण्याचे प्रमाणही अधिक. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले की, १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के आईबापांपेक्षा अधिक कमावू लागली. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम निम्म्यावर आले. १९४०च्या मुलांनी पहाटे उठण्याचे संकल्प अधिक निष्ठेने पाळले होते काय? त्यांच्या वाढीच्या वर्षांत दर तीन कामगारांमागे सुमारे एक जण कामगार संघटनेत होता आणि सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९४ टक्क्यांपर्यंत कर होता. एकेकट्याने भिंत चढण्याची ती गोष्ट नव्हती. भिंतच काहीशी खाली आणलेली होती.

गॅट्सबी, मर्टल आणि विल्सन, तिघेही वर पाहत होते. बाजूला पाहणारा माणूस या कादंबरीत मला एकच सापडतो. राखेच्या ढिगाशेजारी कॉफीचे दुकान चालवणारा मायकेलिस हा तरुण ग्रीक. मर्टल मेली त्या रात्री तो विल्सनपाशी बसून राहतो. तुझे कोणी मित्र आहेत का, एखाद्या चर्चला जातोस का, म्हणून विचारतो, त्याला बोलते ठेवतो. रात्र सरते. पहाटे सहाच्या सुमारास दुसरा एक जण मदतीला येतो. मायकेलिस तिघांपुरती न्याहारी करतो, आणि विल्सन जरा शांत झाला आहे असे पाहून झोपायला घरी जातो. चार तासांनी उठून तो धावतच गॅरेजवर येतो. विल्सन तेथे नसतो.